कोन मोजायचा की दिशा धरायची? कंपास, थिओडोलाइट, टोटल स्टेशन आणि रोव्हर

डिप्लोमा झाला, कुणाच्या तरी हाताखाली जमीनमोजणीत दोन-तीन वर्षे पोल धरला, यंत्र लावायला शिकलो, आता स्वतःचे काम सुरू करायचे आहे आणि पैसे एकाच यंत्रापुरते आहेत. अशा मुलांचा प्रश्न ठरलेला असतो : टोटल स्टेशन (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारे यंत्र) घेऊ की सरळ रोव्हर (उपग्रहांवरून जागा काढणारे यंत्र)? एखादा जुने व्हर्नियर थिओडोलाइट (दुर्बिणीतून पाहून नुसता कोन मोजणारे यंत्र) स्वस्तात मिळतेय म्हणूनही विचारतो. मी आधी उलट विचारतो : तुझ्या कामात एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचे अंतर साधारण किती असेल?

कारण कोन मोजणे आणि दिशा ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. टोटल स्टेशन दोन ओळींमधला कोन झकास मोजते, पण उत्तर दिशा कुठे ते तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. रोव्हरला उत्तर दिशा ठाऊक असते, पण तो कोन मोजतच नाही. दोन खुणांचे कोऑर्डिनेट घेतो आणि त्यावरून दिशा काढून देतो. कंपास थेट दिशा दाखवतो, पण ढोबळ.

कंपास आधी बाजूला करू. प्रिझमॅटिक कंपासवर ३० मिनिटांपर्यंत, म्हणजे अर्ध्या अंशापर्यंत वाचता येते. १०० मीटरवर अर्धा अंश म्हणजे ८७ सेंटीमीटर. आपल्याकडे वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ तालुक्याला खेटे घालतात, तिथे ८७ सेंटीमीटर कोण ऐकून घेईल? त्यात आपला काळा पाषाण. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, ते सुई ओढते. तारेचे कुंपण, विजेचा खांब, खिशातल्या किल्ल्या हेही आहेच. म्हणून एका टोकावरून घेतलेले बेअरिंग (उत्तरेपासूनचा कोन) आणि दुसऱ्या टोकावरून उलट घेतलेले बेअरिंग यांत बरोबर १८० अंशांचा फरक येतो का, हे प्रत्येक ओळीला पाहावे लागते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागला हलवले होते. ट्रामच्या भीतीने वेधशाळा खाडीपार जाते, मग ट्रान्सफॉर्मरखाली उभे राहून मोबाइलच्या होकायंत्रावर उत्तर धरणाऱ्याला काय म्हणावे? आणि असे धरणारे पुष्कळ आहेत. जंगलातली पाहणी, पायवाटेचा कच्चा नकाशा, एवढ्यापुरता कंपास ठीक.

व्हर्नियर थिओडोलाइट कोनाच्या २० सेकंदांपर्यंत (अंशाची ६० मिनिटे, मिनिटाचे ६० सेकंद) वाचते, म्हणजे १०० मीटरवर साधारण १ सेंटीमीटर. कोन वाईट नाही, पण अंतराला टेप ओढावी लागते, वाचन डोळ्यांनी, नोंद हाताने. शिकायला याच्यासारखे यंत्र नाही, धंद्याला घेऊ नका. डिजिटल थिओडोलाइट मात्र इमारतीच्या लाइनआउटला (जमिनीवरच्या आखणीला) आणि कॉलमचा ओळंबा पाहायला अजून उपयोगी पडते.

आता खरी तुलना.

टोटल स्टेशन घ्यायला गेलात की विक्रेता आधी १ सेकंदाचे दाखवतो, मग २ चे, मग ५ चे. ५ सेकंद म्हणजे २०० मीटरवर ५ मिलिमीटर. पण सेंटरिंग करताना, म्हणजे यंत्र खुणेच्या बरोबर वर आणताना, ते खुणेपासून ३ मिलिमीटर सरकलेले असेल आणि समोरचा प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारी काच) २० मीटरवर असेल, तर तेवढ्यानेच कोनात ३० सेकंदांपर्यंत चूक येते. गावठाणातली मोजणी, घराचा प्लॉट, गल्लीतला रस्ता अशा आखूड ओळींवर १ सेकंदाला मोजलेले जादा पैसे ट्रायपॉडच्या पायाशीच बुडतात. ५ सेकंदांचे पुरे. पुलाची किंवा मोठ्या कारखान्याच्या फाउंडेशनची कामे पक्की हातात असतील, तर २ चे पाहा.

रोव्हरच्या पत्रकावर ८ मिलिमीटर अधिक १ पीपीएम (दर किलोमीटरला १ मिलिमीटर) असे छापलेले असते. शेतात १ ते २ सेंटीमीटर धरून चाला. समजा दोन्ही खुणांवर दीड-दीड सेंटीमीटरची चूक आहे. मग २० मीटरच्या ओळीची दिशा सुमारे साडेतीन मिनिटांनी चुकू शकते. हीच चूक १०० मीटरवर पाऊण मिनिट, ५०० मीटरवर ९ सेकंद आणि किलोमीटरवर ४-५ सेकंदांपर्यंत उतरते. म्हणजे आखूड ओळीत टोटल स्टेशन कितीतरी पुढे, आणि पाचशे-हजार मीटरच्या पलीकडे रोव्हर त्याला गाठतो. शिवाय रोव्हरची चूक एका खुणेवरून दुसरीवर साठत नाही. टोटल स्टेशनच्या ट्रॅव्हर्समध्ये, म्हणजे खुणेवरून खुणेवर नेलेल्या मोजणीच्या साखळीत, ती साठते, म्हणून ट्रॅव्हर्स बंद करून (पहिल्या खुणेवर परत येऊन) आतल्या कोनांची बेरीज (२न – ४) काटकोन येते का ते पाहायचेच; न म्हणजे स्टेशनांची संख्या. ९ स्टेशनांच्या ट्रॅव्हर्सला ५ सेकंदांच्या यंत्रावर १५ सेकंदांपर्यंतची तफावत चालते, त्याहून जास्त आली तर पुन्हा यंत्र लावा.

जमीनही निर्णय करते. कोकणात नारळी-पोफळीच्या बागेत रोव्हर फिक्स (सेंटीमीटरची खात्री) सोडून फ्लोटवर (अंदाजावर) जातो आणि तासभर आभाळाकडे बघत बसावे लागते. सांगली-कोल्हापूरच्या उसात उलटे : टोटल स्टेशनला चार सरींपलीकडचा प्रिझम दिसत नाही, रोव्हर मात्र उंच पोलवर आरामात फिक्स होतो. मराठवाड्याच्या उघड्या माळावर रोव्हर घेऊन एकटा माणूस काम उरकतो. कॉर्सवरून, म्हणजे कायम बसवलेल्या उपग्रह-स्टेशनांच्या जाळ्यावरून, दुरुस्ती घ्यायची तर मोबाइलला रेंज हवी. घाटात ती नसते, मग बेसही (दुरुस्ती पाठवणारे स्थिर यंत्र) स्वतःचाच लागतो आणि खर्च वाढतो.

दोन्ही यंत्रे जोडून वापरताना एक खड्डा आहे, मीही त्यात पडलो आहे. रोव्हरने दोन खुणा घ्यायच्या, एकीवर टोटल स्टेशन लावायचे, दुसरीची बॅकसाइट घेऊन (तिच्यावर दुर्बीण रोखून दिशा पक्की करून) पुढे जायचे. घाईत मी त्या खुणा २० मीटरवर घेतल्या आणि काम २०० मीटरपर्यंत नेले. रोव्हरची २ सेंटीमीटरची चूक तिथे दसपट होऊन २० झाली. बॅकसाइट कामातल्या सर्वांत लांब ओळीपेक्षा लांब घ्या, एवढे केले तरी पुरे.

दुसरे म्हणजे रोव्हरची उत्तर ही ग्रिडची, म्हणजे नकाशावरच्या चौकोनी जाळीची उत्तर असते. मुंबईत ती खऱ्या उत्तरेपासून साधारण ४२ मिनिटे पश्चिमेला पडते. विदर्भात गंमत आणखी वाढते. ७८ अंश रेखांशावर यूटीएम या जागतिक नकाशापद्धतीचा झोन (पट्टा) बदलतो : अमरावती शहर ४३ मध्ये, यवतमाळ ४४ मध्ये. अमरावतीत ग्रिडची उत्तर सुमारे १ अंश पूर्वेला, यवतमाळात सुमारे १ अंश पश्चिमेला. शेजारच्या दोन जिल्ह्यांच्या नकाशांवरचे उत्तरेचे बाण एकमेकांपासून २ अंश फिरलेले, आणि १०० मीटरवर २ अंश म्हणजे साडेतीन मीटर! नकाशावर झोन लिहायला विसरू नका.

तर एकच घ्यायचे असेल, तर माझे मत वापरलेल्या ५ सेकंदांच्या टोटल स्टेशनला. प्लॉट, लाइनआउट, लेआउट ही रोजची कामे आखूड ओळींची असतात. रोव्हर लागेल त्या दिवशी भाड्याने आणा. कालवा, रस्ता, पाइपलाइन, सोलरसाठीची शेकडो एकर जमीन अशी कामे ठरलेली असतील, तरच आधी रोव्हर. हद्दीच्या वादात मात्र तुमच्या खासगी नकाशाला भूमी अभिलेखच्या ‘क’ प्रतीचे (सरकारी मोजणीच्या नकाशाचे) वजन येत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

वापरलेले यंत्र घेताना ते पडलेले नाही ना, एवढे पाहा. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना, भारताची महामोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्ब्टनचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट आदळला, तेव्हा त्याने तंबूत बसून कित्येक आठवडे त्याचे वर्तुळ ठोकून-ओढून सरळ केले. पुढे १८२३ मध्ये हाच लॅम्ब्टन आपल्या हिंगणघाटला वारला. आपल्याला तो उद्योग जमणार नाही. लांबची एक स्पष्ट खूण धरा, फेस लेफ्ट आणि फेस राइट (एकदा सरळ, एकदा दुर्बीण उलटवून) वाचा. आडव्या कोनांत १८० अंशांचा फरक आणि उभ्या कोनांची बेरीज ३६० यायला हवी. असे पाच-सहा सेट घ्या. तफावत दर वेळी तेवढीच येत असेल तर कॅलिब्रेशनने निघते. दर सेटला वेगळी येत असेल, तर चहा प्या आणि निघून या.