वरच्या मजल्यावरचा राउटर: नऊ महिने वापरून

पाचपैकी चार तारे. पहिल्या तीन महिन्यांत लिहायला बसले असते तर एकच दिला असता, आणि तोही नाइलाजाने. चूक मात्र राउटरची नव्हतीच.

आमचं कराडला दुमजली घर. फायबरवाल्यांचा डबा खाली हॉलमध्ये, माझं हिशेबाचं काम वर. स्लॅबमधून वायफाय धड पोचत नाही, म्हणून हा दुसरा राउटर घेतला. वायरमनने पाइपातून केबल ओढली, वरच्या राउटरच्या दिसेल त्या भोकात खुपसली आणि पैसे घेऊन गेला. ते भोक निघालं लॅनचं, म्हणजे घरातली यंत्रं जोडायचं.

आता गंमत अशी, की खालच्या डब्याचा नेटवर्कमधला पत्ता, म्हणजे आयपी, १९२.१६८.१.१ आणि वरच्याचाही तोच. दोघेही मागेल त्याला आयपी वाटत बसलेले. माझा कॉम्प्युटर १.१ कुठाय म्हणून विचारायचा, तर दोन्हीकडून ओ यायची. खालच्याची ओ उचलली तर नेट चालू, वरच्याची उचलली तर केबल जोडलेली दिसते पण नेट नाही. सकाळी चालायचं, दुपारी नाही. खालचा टीव्हीही मधूनच अडायचा. बाबा, म्हणजे माझे सासरे, वर बघून म्हणायचे, "तू काही चालू केलंस का गं?" मी चिडायचे. खरं तर त्यांचं बरोबर होतं.

मग मी केबल वॅनच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटच्या, भोकात घातली. नेट सुरळीत झालं, पण बाबांना खालच्या लॅपटॉपवरून वरच्या प्रिंटरवर काही छापता येईना. वरचा राउटर आपलं वेगळं घर थाटून बसला होता आणि खालच्यांना आत घेत नव्हता. महिनाभर बाबांचं वारीचं वेळापत्रक मीच पेन ड्राइव्हवर नेऊन छापलं.

शेवटी सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड सापडला. तो लावला की वरचा राउटर आयपी वाटणं बंद करतो आणि नुसता फांदीसारखा काम करतो. तुमच्या राउटरमध्ये हा मोड नसेल तर हातानेही होतं. आधी कॉम्प्युटर थेट वरच्याला जोडा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (म्हणजे आयपी वाटणं) बंद करा आणि मगच खालून आलेली केबल लॅनमध्ये घाला. प्रिंटरचा पत्ता बदलू नये म्हणून मी तो खालच्या डब्यात राखून ठेवलाय. तेव्हापासून बाबा स्वतः छापतात, जरा जास्तच.

तरी वेगाचं दुखणं उरलं. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि वर वायरीवर ९४च्या पुढे काटा सरकेना. हा आकडा दिसला की राउटर बदलायच्या आधी केबल बघा. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही लागतात. दुकानदाराकडून केबल टेस्टर आणला, त्यात दर तारेला एक दिवा असतो, तर सातवा दिवा लागेचना: पांढरी-तपकिरी तार केबलच्या टोकाच्या क्लिपमध्ये पातीखाली पोचलीच नव्हती. नवी क्लिप मारली, २८० मिळायला लागले. (काही फायबरच्या डब्यांना एकच पोर्ट गिगाबिट असतं, बाकीची १००ची. आमच्या डब्याला तसं नाही, पण तुमचं तपासा.)

दिवाळीत भाचा आला. टेबलामागे लोंबणारं केबलचं टोक त्याला दिसलं आणि व्यवस्थितपणाची हौस म्हणून त्याने ते राउटरच्या रिकाम्या पोर्टात लावलं. दुसरं टोक आधीच त्याच राउटरमध्ये होतं, त्यामुळे माहिती गोल गोल फिरत बसली. सगळे दिवे एकदम फडफडायला लागले आणि दोन्ही मजल्यांचं नेट ठप्प. टोक काढलं, मिनिटभरात सगळं जागेवर.

एक तारा कापला तो विजेपायी. लाइट गेली-आली की वरचा राउटर खालच्याआधी जागा होतो. मग कॉम्प्युटरला आयपी द्यायला कोणीच नसतं आणि तो स्वतःच १६९.२५४चा पत्ता घेऊन बसतो. काही मिनिटांनी आपोआप सुधारतं, पण जीएसटीची शेवटची तारीख असली की तेवढा धीर कुणाला? केबल काढून पुन्हा घातली की लगेच येतं. हल्ली खालच्या डब्याला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावलाय, तेव्हापासून केबलला हात लावावा लागलेला नाही. असं बघता तोही तारा राउटरचा कापायला नको होता, पण राहू दे.