जुनी टू-स्ट्रोक चेतक: आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

जुनी चेतक स्कूटर विकत घ्यायला गेलेला माणूस आधी किक मारतो, आणि तिथेच फसतो. 145 सीसीचं इंजिन कितीही थकलेलं असो, पुण्याच्या नाना पेठेतून पिस्टन, रिंगा, ऑइल सील आणून उभं करता येतं. सडलेल्या बॉडीचं तसं नाही, कारण चेतकला वेगळी चासी (सांगाडा) नाहीच, पत्र्याची बॉडीच सांगाडा.

आकुर्डीच्या बजाजने 1972 साली ही गाडी आणली ती व्हेस्पा स्प्रिंटच्या धर्तीवर. मूळ व्हेस्पा आखणारा कोराडिनो दास्कानिओ विमानांचा इंजिनियर. म्हणून सगळा भार घडीव पत्र्यावर, आणि पुढचं चाक विमानासारखं एकाच बाजूने धरलेलं. पंक्चर झालं की नट काढून चाक बाजूने उतरवायचं. स्टेपनी पुढेही बसते, मागेही. चेनची कटकट नाही. (हल्लीच्या इलेक्ट्रिक चेतकशी नातं नावापुरतंच, पण पत्रा तिनेही सोडलेला नाही.)

तेव्हा गाडी आडवी करून खालून बघा. फ्लोअरवरच्या रबरी पट्ट्यांखाली, ब्रेक पेडलच्या भोकाभोवती आणि स्टँडच्या बोल्टांपाशी पावसाचं पाणी मुरतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. रंग फुगून आत गेला, किंवा चुंबक चिकटेना, तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. रंग कितीही चकचकीत असला तरी अशी गाडी सोडून द्या.

मग इंजिन. थंड असताना धूर येणारच. तापल्यावरही दाट पांढरा धूर निघत असेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचकडचं सील गेलंय. मॅग्नेटकडचं गेलं तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, रेस आपोआप चढते आणि पिस्टन जाम होतो. अशा गाडीचं नुसतं बोअरिंग करून (सिलिंडर कातून नवा पिस्टन बसवून) भागत नाही: पेट्रोलची वाट क्रँकची पाळीच (फिरणाऱ्या दांड्याची चकती) उघडते-मिटते, तिच्यावर ओरखडे असतील तर नवा पिस्टनही पिकअप देणार नाही. गिअर सुटत असेल तर आधी हँडलच्या दोन्ही केबली ताणून बघा; तरी सुटला तर इंजिन उघडायची तयारी ठेवा.

लिटरभर पेट्रोलला 20 मिली टू-टी ऑइल पुरे. ‘थोडं जास्त बरं’ म्हणणाऱ्यांचा प्लग काळा होतो, सायलेन्सर कार्बनने चोंदतो आणि कात्रजच्या चढावर गाडी रडते. प्लगची फट 0.6 मिमी; ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट असतील तर त्यांची 0.4. उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद.

ब्रेक ड्रमचे, बेताचेच. दहा इंची चाकं आणि उजवीकडे इंजिनचं वजन, त्यामुळे ओल्या रस्त्यावरच्या खड्ड्यात ती दचकते.

शेवटी आरसी. 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि चासी नंबर पत्र्यावरच ठोकलेला असतो. त्याच्या आसपास वेल्डिंग किंवा नवा रंग दिसला तर पैसे खिशातच राहू द्या.