अ‍ॅनाफिलॅक्सिस ट्रेनिंग: लेक्चर बोअर, ड्रिल मात्र जबरदस्त

आमच्या वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरना अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अचानक अ‍ॅलर्जीच्या, या अर्ध्या दिवसाच्या ट्रेनिंगला पाठवलं, मी वैतागूनच गेले, म्हटलं इतकी वर्षं इंजेक्शनं देतेय आता काय नवीन शिकवणार. पहिला तास तसाच गेला, स्लाइडवर स्लाइड, आयजीई, मास्ट सेल वगैरे अ‍ॅलर्जीची थिअरी, मागच्या रांगेत दोघीजणी चक्क पेंगत होत्या.

मग ड्रिल सुरू झालं आणि माझी पार फजिती झाली. केस अशी की अँटिबायोटिक चालू आहे, पेशंट म्हणतोय घसा आवळतोय, वरचं बीपी 80. मी अँटिबायोटिक बंद केलं, तिथपर्यंत ठीक, पण अंगावर पुरळ दिसेना म्हणून घुटमळले आणि मग हात सवयीने गेला तो अँटिहिस्टामिन आणि हायड्रोकॉर्ट या स्टेरॉइडकडे. शिकवणारे सर काही बोलले नाहीत, नुसतं मोबाइलवरचं स्टॉपवॉच समोर धरलं. अडीच मिनिटं झालेली आणि अ‍ॅड्रिनालिन, म्हणजे सगळ्यात आधी द्यायचं औषध, अजून ट्रेमध्येच! पुरळ नसतानाही अ‍ॅनाफिलॅक्सिस असू शकतो, हेच त्यांना दाखवायचं होतं. मोठ्या माणसाला 1:1000 चं (एमएलमध्ये 1 मिलिग्रॅम) अ‍ॅड्रिनालिन अर्धा एमएल, आयएम म्हणजे स्नायूत, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूने, फरक नाही पडला तर 5 मिनिटांनी परत, बाकीची औषधं त्यानंतर. पेशंटला आडवं करून पाय वर, दम लागत असेल तर बसू द्या पण उभं अजिबात करायचं नाही. आमच्यातल्या एकीने तेच केलं, "चला, बेडपर्यंत चालत" म्हणाली, सगळे हसले, सर नाही हसले. उभं केलं की हृदयाकडे येणारं रक्त एकदम घटतं आणि पेशंट तिथल्या तिथे अरेस्टमध्ये जाऊ शकतो, म्हणजे हृदयच बंद पडतं.

आता तक्रारी. 30 जणांत मॅनिकिन (सरावाचा पुतळा) एकच, त्यामुळे प्रत्येकीला एकदाच टर्न. सिरिंज आधीच भरलेली हातात देतात, अहो पण खऱ्या घाईत घोळ होतो तो अँप्युल फोडून भरतानाच, त्यात 1:1000 आणि दहापट पातळ 1:10000 शेजारी शेजारी असले की विचारूच नका. लहान मुलांचा डोस, किलोला 0.01 मिलिग्रॅम, दोन मिनिटांत उरकला.

तरी 5 पैकी 4. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेल्या गेल्या आमची क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) उघडली तर अ‍ॅड्रिनालिन सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये, ग्लोव्हजच्या खोक्याखाली. आता वरच्या ड्रॉवरला आणलंय, सिरिंज-सुईसकट एकाच डब्यात.