ममी आणि अदृश्य माणूस : पुनरुज्जीवनाचे दोन प्रयत्न

युनिव्हर्सल स्टुडिओने १९३०च्या दशकात पडद्यावर आणलेल्या भयपात्रांना नव्याने उभे करण्याचे दोन अलीकडचे प्रयत्न शेजारी ठेवले, तर माझा कौल निःसंशय दुसऱ्याच्या बाजूने जातो.

२०१७च्या ‘द ममी’वर एका संपूर्ण चित्रपटमालिकेची पायाभरणी करण्याचे ओझे होते. टॉम क्रूझची साहसदृश्ये आणि पुढील भागांसाठी पेरलेला, दुहेरी व्यक्तिमत्त्वाचा डॉ. जेकिल यांच्या गर्दीत सोफिया बुटेलाने साकारलेली ममी, अहमानेत, मागे पडली. मूळ १९३२च्या चित्रपटात बोरिस कार्लॉफ पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला फार थोडा वेळ दिसतो, तरीही त्याच्या संथ, स्थिर नजरेची दहशत शेवटपर्यंत टिकते. तो संयम नव्या ममीपाशी नव्हता.

२०२०चा ‘द इनव्हिजिबल मॅन’ सुमारे ७० लाख डॉलर इतक्या माफक खर्चात झाला. जेम्स व्हेलच्या १९३३च्या चित्रपटात क्लॉड रेन्सच्या आवाजाने जिवंत झालेला शास्त्रज्ञ केंद्रस्थानी होता. नव्या चित्रपटाचा दिग्दर्शक ली व्हॅनेलने मात्र ज्या स्त्रीचा तो छळ करतो, तिच्या बाजूने गोष्ट सांगितली. कॅमेरा रिकाम्या खोलीच्या कोपऱ्याकडे वळून तिथेच रेंगाळतो, आणि तिथे कोणी उभे आहे का, हे प्रेक्षक स्वतःच शोधू लागतो. एलिझाबेथ मॉसच्या नायिकेवर कोणीही विश्वास ठेवत नाही, आणि माझ्या मते या चित्रपटाची खरी भीती त्यातच आहे. व्हेलचा खोडकर, काळा विनोद मात्र इथे उरलेला नाही, आणि मूळ चित्रपटावर प्रेम करणाऱ्याला ती उणीव जाणवतेच.