कांडी धरून ‘लोह’ मोजणाऱ्या शिबिरांपासून सावध राहा

शिमग्याआधी गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत ‘मोफत संपूर्ण शरीर तपासणी’ झाली. देवळाच्या सभामंडपात लॅपटॉप मांडून बसलेला माणूस प्रत्येकीच्या हातात धातूची कांडी द्यायचा आणि मिनिटाभरात लोहापासून गुडघ्यापर्यंत सगळ्याचा छापील रिपोर्ट काढायचा. रक्ताचा थेंबही न घेता. माझ्या वहिनीच्या रिपोर्टात फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) ‘उत्तम’, लिव्हर मात्र ‘अशक्त’. लिव्हरसाठी ४,८०० रुपयांची पावडर तिच्या गळ्यात मारली. बिलाऐवजी हाती आली साधी चिठ्ठी.

वहिनीला घाटी चढताना तेव्हाही धाप लागायची, केस गळायचे, पाळीत अंगावरून फार जायचं. पण लोह उत्तम म्हटल्यावर तिने डॉक्टरकडे जायचं पुढे ढकललं. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं. पुढे चिपळूणला रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १२.१ आणि फेरिटिन फक्त ६!

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असलं की पुष्कळ जण निर्धास्त होतात. पण ते सर्वांत शेवटी घसरतं. कणगी रिकामी होत आली तरी काही दिवस ताटात भात दिसतो, तसंच. आधी साठ्यातलं लोह संपतं, ते फेरिटिनमध्ये कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी प्रौढांत ते १५ च्या खाली म्हणजे कमतरता. मग लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनवरचा भार हलका होतो, आणि पेशींना लोह पुरेनासं झालं की रक्तातले ट्रान्सफेरिन रिसेप्टर (ट्रान्सफेरिनकडून लोह पेशीत घेणारे रेणू) वाढतात. अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून डॉक्टर सोबत सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) बघतात. नुसतं ‘सीरम आयर्न’, म्हणजे त्या क्षणी रक्तात फिरणारं लोह, मोजणंही पुरेसं नाही, ते दिवसभरात खालीवर होतं. यातलं काहीही तळहातावरून कळत नाही. फेरिटिनसाठी रक्त द्यावंच लागतं.

वहिनीच्या गोळ्या आता डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू आहेत, आणि एवढं रक्त का जातं याचीही तपासणी चालली आहे. रिपोर्ट आणि चिठ्ठी जपून ठेवली होती, म्हणून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता आली. हे कांडीवाले आता शेजारच्या गावांत फिरतायत असं कानावर आलंय. तुमच्याकडे आले तर पैसे देण्याआधी आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना बोलवा, आणि पक्कं बिल मागा.