जेल सोपं, कॅप्सूल अवघड: पाळी जायच्या वयात हार्मोन उपचाराचे नऊ महिने

माझ्या वापरातलं औषध असं: इस्ट्राडायोल या इस्ट्रोजेनचं ०.०६ टक्क्याचं जेल रोज, आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची २०० मिलिग्रॅमची मऊ कॅप्सूल महिन्यातून १२ रात्री. वय ४७, गर्भाशय जागेवर, पाळी कधी २३ दिवसांनी तर कधी ५० दिवसांनी. सुरुवात ऑगस्टमध्ये झाली, त्यामुळे पावसाळा, हिवाळा आणि लातूरचा उन्हाळा या तिन्हींत औषध कसं वागतं ते पाहून झालं.

मत आधीच सांगते. जेलचा गुण अंगाला लवकर कळतो. कॅप्सूलचा गुण अंगाला कळत नाही, म्हणून बायका नेमकी तीच सोडतात. आणि सोडायची नाही अशी गोष्ट तीच आहे. इस्ट्रोजेनने अंगात एकदम उठणाऱ्या गरम वाफा थांबतात, झोप लागते, पण तेच इस्ट्रोजेन गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढवत राहतं. प्रोजेस्टेरॉन ते अस्तर आवरतं आणि पाळीवाटे बाहेर काढतं. नुसतं जेल लावत राहिलं तर अस्तर जाड होतं, त्यात पेशींची विकृत वाढ होऊ शकते आणि पुढे कॅन्सरही. गर्भाशय असलेल्या बाईला ही दोन्ही औषधं मिळून एकच उपचार आहे.

सुरू करण्याआधी काय करून घ्यावं? बीपी, वजन, साखर, लिपिड (रक्तातली चरबी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, अस्तराची जाडी बघायला सोनोग्राफी, स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी. वय ४५ च्या पुढे असेल आणि लक्षणं स्पष्ट असतील तर एफएसएचची (पाळी जायला आली का ते बघायच्या हार्मोनची) तपासणी करायची गरज नसते. या काळात तो आकडा आज ६० तर पुढच्या महिन्यात १० असा उड्या मारतो, आणि नॉर्मल आला की बाईला "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणून परत पाठवलं जातं. अनियमित किंवा अति रक्तस्राव असेल तर मात्र त्याचं कारण आधी शोधायचं, हार्मोन नंतर. स्तनाचा कॅन्सर झालेला असणं, पायाच्या शिरेत गुठळी झालेली असणं, नुकताच हार्ट अटॅक किंवा लकवा, चालू असलेला लिव्हरचा आजार, यांत हा उपचार सहसा देत नाहीत.

डॉक्टर विचारतात, "सिगारेट ओढता का?" आपल्याकडच्या बायका नाही म्हणतात, आणि ते खरंही असतं. पण सकाळी दातांना मिसरी लावतात ते कुणी विचारत नाही. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती आपणहून सांगायची, कारण हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा धोका मोजताना तंबाखू धरावीच लागते.

आता जेल. ८० ग्रॅमची ट्यूब आणि सोबत मापाची पट्टी येते. २.५ ग्रॅम जेलमध्ये १.५ मिलिग्रॅम इस्ट्राडायोल असतं. सुरुवात १.२५ ग्रॅमवर झाली, सहा आठवड्यांनी २.५ ग्रॅम. या हिशेबाने ट्यूब अर्ध्या मापावर ६४ दिवस जाते आणि पूर्ण मापावर ३२. पट्टी न वापरता टूथपेस्टसारखं अंदाजाने घेतलं तर ट्यूब वीस-पंचवीस दिवसांत संपते, स्तन दुखायला लागतात आणि दोष औषधाला दिला जातो.

लावायचं कोरड्या, स्वच्छ कातडीवर: हाताच्या बाहेरच्या बाजूने मनगटापासून खांद्यापर्यंत, किंवा मांडीला आतून. स्तनांवर कधीच नाही. मालिश करायची नाही, पातळ पसरायचं आणि पाचेक मिनिटं वाळू द्यायचं. नंतर हात साबणाने धुवायचे. तासभर तरी आंघोळ नाही, त्या जागेवर तेल किंवा क्रीम नाही. खोबरेल तेल लावलेल्या हातावर जेल नीट मुरत नाही. "जेलने फरक पडत नाही" या तक्रारीमागे बहुतेकदा तेल, घाम किंवा लगेच घेतलेली आंघोळ असते. आधी ते तपासावं, मग डोस वाढवायचा विचार करावा.

वेळ रात्रीची बरी. एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर जातो, सकाळी लावून स्वयंपाकघरात उभं राहिलं की दहा मिनिटांत घामाची धार लागते. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसलं की रात्रीची वेगळी आंघोळही परवडत नाही. ओल्या फडक्याने हात पुसायचे, कोरडे करायचे, कूलरसमोर बसून जेल वाळवायचं, एवढं पुरतं. जेलमध्ये अल्कोहोल असतं. जेल वाळलेलं नसताना गॅस पेटवू नका, देवापुढे निरांजन किंवा अगरबत्तीही लावू नका. घरात लहान नातवंडं अंगावर झोपत असतील तर जेल वाळल्यावर लांब बाह्यांचा ब्लाउज किंवा गाऊन घाला, कारण कातडीवरून हे औषध मुलांच्या अंगाला लागू शकतं. एखादा दिवस राहिलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायचं नाही.

गोळीऐवजी जेल का, तर तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन आधी लिव्हरमधून जातं आणि रक्त गोठवणारे घटक वाढवतं. कातडीतून गेलेलं थेट रक्तात जातं. नेहमीच्या डोसमध्ये जेलने गुठळीचा धोका वाढल्याचं दिसत नाही, गोळीने वाढतो. वजन जास्त असेल, बीपी असेल, ट्रायग्लिसराइड वाढलेले असतील तर जेलच बरं. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली तर थायरॉइडचा डोस कमी पडू शकतो, म्हणून ६ ते १२ आठवड्यांनी टीएसएच परत करावा. जेलने सहसा हा प्रश्न येत नाही. रक्तातलं इस्ट्राडायोल तपासायला सांगितलं, तर ज्या हाताला जेल लावता त्या हातातून रक्त देऊ नका. कातडीवरचं जेल सुईबरोबर जातं आणि आकडा खोटा मोठा येतो.

कॅप्सूलकडे वळते. ती रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तास गेल्यावर घ्यायची. भाकर-भाजी खाऊन लगेच घेतली तर ती जास्त प्रमाणात शोषली जाते आणि चक्कर येते, पाय जड होतात, सकाळी उठवत नाही. अंथरुणावर बसून घ्यायची आणि आडवं व्हायचं. पहिल्या दोन-तीन रात्रींनंतर सकाळी अंग कसं राहतं ते कळेपर्यंत स्कूटी चालवू नये. ही गुंगी वाईटच असते असं नाही, त्या १२ रात्री झोप सगळ्यात चांगली लागते. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर पाकीट वाचून घ्या.

मेडिकलवर या कॅप्सूलची खरी परीक्षा होते. हेच औषध गर्भ टिकवायला देतात, म्हणून चिठ्ठी पाहून काउंटरवरचा मुलगा मोठ्याने विचारतो, "ताई, कितवा महिना?" मागे गल्लीतली चार माणसं उभी. अशा वेळी पुष्कळ बायका पुढच्या महिन्यापासून कॅप्सूल आणायचंच बंद करतात. उपाय एकच: नवऱ्याला किंवा मुलीला औषध कशासाठी आहे ते आधी नीट सांगून त्यांना पाठवणं, किंवा पाच महिन्यांचं एकदम आणणं. १० च्या स्ट्रिपने १२ रात्रींचा हिशेब दर महिन्याला चुकतो, पण पाच महिन्यांच्या ६० कॅप्सूल म्हणजे बरोबर सहा स्ट्रिप होतात.

दुसरी अडचण बदली औषधाची. मऊ कॅप्सूल नसली की त्याच २०० आकड्याची "एसआर" गोळी हातात ठेवतात. ती हळूहळू विरघळणारी, वेगळ्या बनावटीची गोळी आहे. आकडा सारखा म्हणून परिणामही सारखाच धरू नये, आधी डॉक्टरांना विचारावं. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत स्ट्रिप ठेवून बाजारहाट करू नका. मऊ कॅप्सूल वितळून पाकिटाला चिकटते, फुटते. घरात आतल्या खोलीत खालच्या फळीवर स्टीलच्या डब्यात ठेवली तर फ्रीजची गरज पडत नाही.

तारखांचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयमध्येच ठेवावा. पाळी साधारण नियमित असेल तर पाळीचा पहिला दिवस धरून पंधराव्या दिवसापासून कॅप्सूल सुरू करतात. पाळीचा काही भरवसाच नसेल तर इंग्रजी महिन्याच्या १ ते १२ तारखा ठरवून देतात. दुसरी पद्धत पाळायला फार सोपी आहे. चौकटीत तीन खुणा पुरतात: "क" म्हणजे कॅप्सूल घेतली, "र" म्हणजे रक्त गेलं, आणि वाफा किती आल्या तो आकडा. उन्हाळ्यात वाफ आणि उकाडा यांत गोंधळ होतो. वाफ छातीतून वर चेहऱ्याकडे चढते, दोन-चार मिनिटं राहते, मग घाम फुटतो आणि मागून थंडी वाजते. उकाडा असा येत-जात नाही.

रक्त साधारण कॅप्सूल संपताना किंवा संपल्यावर काही दिवसांत जातं. पहिले तीन महिने ते वेडंवाकडं जाऊ शकतं, मध्येच डागही लागतात. दर महिन्याला कॅप्सूल अर्ध्यावर असतानाच रक्त सुरू होत असेल, तासाला पॅड भरत असेल, गाठी पडत असतील किंवा सहा महिन्यांनंतरही अंगावरून अनियमित जात असेल तर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासायला हवा. "या वयात असं होतंच" म्हणून बसून राहू नये. आपल्याकडे हिमोग्लोबिन आधीच ८-९ वर असलेल्या बायका पुष्कळ आहेत, त्यांना दर महिन्याचा जादा रक्तस्राव झेपत नाही. अशांना ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची, मिरेनासारखी, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू जास्त उपयोगी. ती अस्तर सांभाळते, रक्त कमी करते, आणि कॅप्सूलची गरजच राहत नाही.

महालक्ष्म्या, नवरात्र किंवा घरचं लग्न आलं की पाळी पुढे ढकलायची गोळी आणली जाते. हार्मोन उपचार चालू असताना ती मनाने घेऊ नका. त्या गोळीतल्या नॉरइथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडायोल या कृत्रिम इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणजे गुठळीचा जो धोका टाळायला जेल निवडलं तोच मागच्या दाराने आत येतो. सण माहीत असतोच, महिनाभर आधी डॉक्टरांना सांगितलं तर कॅप्सूलच्या तारखा हलवून काम भागतं.

कॅप्सूलने काहींचं मन खचतं, चिडचिड होते, पोट फुगतं. मधूनच सोडण्यापेक्षा औषध बदलून मागावं. ड्युफास्टन नावाने मिळणारं डायड्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम १४ दिवस हा एक पर्याय आहे. काही डॉक्टर हीच कॅप्सूल योनीमार्गे ठेवायला सांगतात, त्याने गुंगी कमी राहते.

ज्यांची गर्भाची पिशवी काढलेली आहे त्यांच्यासाठी हिशेब वेगळा, आणि हा भाग मराठवाड्यात फार जणींना लागू आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या तिशीतच काढल्या जातात हे समोर आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पिशवी नसेल तर सहसा प्रोजेस्टेरॉन लागत नाही, नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. पण आधी डिस्चार्ज कार्ड शोधून काढा. त्यावर "बीएसओ" लिहिलं असेल तर दोन्ही बीजकोशही (अंडाशयही) काढलेले आहेत. म्हणजे पाळी जाणं एका दिवसात झालं, आणि तीस-पस्तिशीत असं झालेल्या बाईची हाडं आणि हृदय वर्षानुवर्षं इस्ट्रोजेनशिवाय राहतात. अडचण नसेल तर अशांना नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत अशी शिफारस आहे. त्यांना "पिशवीच नाही तर आता कशाला औषध" असं म्हणून परत पाठवणं अन्यायाचं आहे. एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असेल किंवा पिशवीचं तोंड ठेवलेलं असेल तर मात्र प्रोजेस्टेरॉनबद्दल विचारून घ्यावं.

कॅन्सरची भीती जुलै २००२ पासूनची आहे. तेव्हा अमेरिकेतल्या डब्ल्यूएचआय (विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह) या मोठ्या अभ्यासाचा एकत्रित औषधाचा भाग मध्येच थांबवला गेला. त्यात १० हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ८ जादा केसेस दिसल्या. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि औषध म्हणजे इस्ट्रोजेनची गोळी आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध होतं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू करणाऱ्या निरोगी बाईसाठी फायद्याचं पारडं सहसा जड असतं. तरीही धोका शून्य नाही, वर्षं वाढतात तसा तो वाढतो. म्हणून दर वर्षी डॉक्टरांशी नव्याने बोलून पुढचं वर्ष ठरवावं, आणि मॅमोग्राफी करताना हार्मोन चालू आहेत हे सांगावं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर जेल बंद करून सरळ दवाखाना गाठायचा.

नऊ महिन्यांत काय बदललं ते कालनिर्णयवर दिसतं. वाफा पहिल्या महिन्यात दिवसाला ९-१०, तिसऱ्या महिन्याअखेर एखादी. रात्री घामाने उठणं सहाव्या आठवड्यापर्यंत थांबलं. सांधे आणि खांद्यांचं आखडणं हळू सुटलं, चार महिने लागले. वजन कमी झालं नाही, ते या औषधाचं कामही नाही. योनीचा कोरडेपणा जेलने पुरता गेला नाही. त्यासाठी इस्ट्रिऑल क्रीम वेगळं लागलं: दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. पहिले दोन महिने स्तन दुखले आणि पायात गोळे आले, नंतर दोन्ही थांबलं.

आणि या उपचाराने गर्भ राहणं थांबत नाही. मूल न होण्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर प्रश्न नाही, नसेल तर पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष दुसरं साधन वापरावं लागतं. चालू उपचारात दर महिन्याला जाणारं रक्त कॅप्सूलमुळे येतं, त्यावरून शेवटची पाळी कोणती ते ओळखता येत नाही. साधन कधी बंद करायचं ते म्हणूनच डॉक्टरांना विचारून ठरवा.