फी नाही म्हणाला, आणि तिथंच आम्ही फसलो

माझी धाकटी बहीण अमरावतीला एमबीए करते. आम्ही दारव्हा तालुक्यातले. घरची सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मागच्या एप्रिलात तिच्या कॉलेजबाहेर एकानं पत्रकं वाटली: जर्मनीत मास्टर्स, फी शून्य. तिनं फोन केला तर रविवारी तो घरीच आला. बाबांच्या पाया पडला, बोलता बोलता मावशीच्या गावचा निघाला.

तो बोलला त्यातलं अर्धं खरं होतं. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिक्षण शुल्क घेत नाहीत. बहिणीनं मोबाईलवर पाहिलं, ते जुळलं, आणि आमची शंकाच मिटली. मग तो म्हणाला, "दादा, फी नाही म्हणून तं सीटसाठी मारामारी हाय. सीट पकडून ठेवा लागते." दीड लाख, तेही रोख. मी कचरत होतो. बाबा म्हणाले, "पोट्टी जाते तं जाऊ दे, कापूस दरसाल येते." भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला कापूस विकला, आईचा गोफ गहाण ठेवला.

त्याआधीच फाईलचे 25,000 आणि एपीएसचे 40,000 त्यानं घेतले होते. एपीएस म्हणजे आपल्या मार्कशीट खऱ्या असल्याचं प्रमाणपत्र. नोव्हेंबर 2022 पासून मास्टर्सला जाणाऱ्या आपल्या मुलांना त्याशिवाय जर्मनीचा व्हिसा मिळत नाही. त्याचा अर्ज विद्यार्थी स्वतःच करतो, फी 18,000. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

जूनमध्ये शिक्क्याचं प्रवेशपत्र आलं. आईनं ते देवापाशी ठेवलं. लगेच त्यानं ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे तिथल्या राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्याचे, 11,904 युरो मागितले. बारा लाखांच्या आसपास. "माझ्या खात्यात टाका, मी तिकडं भरतो." व्हिसासाठी एवढी रक्कम दाखवावी लागते हे खरं, पण ते खातं विद्यार्थ्याच्या नावचं असतं आणि तिथं गेल्यावर दरमहा 992 युरो त्यालाच मिळतात. एजंटच्या खात्याचा त्यात संबंधच येत नाही.

कर्जासाठी बँकेत गेलो. साहेबांनी पत्र पाहिलं आणि विचारलं, "विद्यापीठाचं पत्र जीमेलवरून कसं आलं?" बहिणीनं त्याच रात्री विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर मेल टाकला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: या नावाचा अर्जच आमच्याकडे नाही.

अमरावतीचं त्याचं ऑफिस बंद, पाटी काढलेली, फोन लागत नाही. 2,15,000 गेले. पावती फक्त 25,000 ची, तीही 'सल्ला शुल्क' म्हणून. ठाण्यात तक्रार दिली आहे. रोखीचा पुरावा विचारतात तेव्हा आमच्याकडे दाखवायला काही नसतं.

बहीण पंधरा दिवस नीट जेवली नाही. तिची चूक नव्हती, हे मी तिला रोज सांगतो.

दारव्हा, दिग्रस, नेर भागात आणखी कुणी 'सीट पकडायला' असे पैसे दिले असतील तर लाजून घरात बसू नका. ऑनलाईन दिले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा, रोख दिले असतील तर ठाण्यात या. आमच्या तक्रारीला तुमची जोड मिळाली तर तपास पुढं सरकेल.